दोन फोन, एक हेडफोन आणि बांधावरची हाळी



आज पिकाचा फोटो नाही. टाकण्यासारखा राहिलाच नाही. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी आमच्या खारातल्या बांधाला खांड गेली आणि आठ गुंठ्यांत खाडीचं पाणी शिरलं. लोंब्या दुधात होत्या. पाणी ओहोटीला निघून गेलं, पण जायचं ते गेलंच. दोन-सव्वादोन क्विंटल भात हातचं गेलं असं धरून चाललोय.

खांड काही नवी नाही. खारातला शेतकरी उधाणाला घाबरत नाही, तयारीत असतो. पण या वेळी पाणी शिरताना मी शेतातच होतो, जेमतेम दीडशे पावलांवर. आणि मला कळलं नाही. का कळलं नाही, ते आज लिहितो. दोष चिंबोरीच्या बिळाचा आहे, उधाणाचा आहे, आणि बराचसा माझ्या कानांवर चढवलेल्या हेडफोनचा आहे. म्हणजे खरं तर माझाच.

पानावर नवीन आलेल्यांसाठी दोन ओळी. आम्ही मूळचे करावे गावचे. आज तुम्ही सीवूड्सला उतरून करावेत आलात तर गावठाण, देऊळ, तलाव, पलीकडे पाम बीच रोड आणि पाणथळीवर थंडीत उतरणारे रोहित पक्षी दिसतील. भातशेती दिसणार नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं नवी मुंबईत आली आणि आमच्या आज्याची भातशेतीही त्या संपादनात गेली. राहायला करावे आणि कसायला उरणच्या पूर्व भागातली सासरकडची खारजमीन, असा आमचा दोन ठिकाणचा संसार आहे. जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते, त्यामुळे जाणं-येणं सोपं झालं. पावसाळ्यात भात, हिवाळ्यात बांधाच्या वरच्या अंगाला थोडी भाजी आणि वाल. भाजी विकली जाते ती सीवूड्स-नेरूळच्या सोसायट्यांत, फोनवर ऑर्डर घेऊन.

या ऑर्डरीच्या नादातच फोन दोन झाले. एक घरचा, त्यावर आये, बायको, मुलगी, मेव्हणा आणि शेतीचे सगळे ग्रुप. दुसरा धंद्याचा, त्यावर सोसायट्या. हात चिखलात आणि खिशात दोन फोन वाजतायत, कुठला वाजला ते कळत नाही, काढेपर्यंत बंद पडतो. आये घरी एकटी असते, तिचा फोन चुकला तर दिवसभर जिवाला घोर. आणि गिऱ्हाइकाचा चुकला तर ते दुसरीकडून मेथी घेतं.

मुलीने यावर उपाय काढला. कान पूर्ण झाकणारा, बाहेरचा आवाज मारणारा ब्लूटूथ हेडफोन आणून दिला आणि दोन्ही फोनना एकाच वेळी जोडून दिला. याला मल्टिपॉइंट म्हणतात. मला आधी वाटलं, ही फोनची करामत असेल. तसं नाही, ही सोय हेडफोनमध्ये असावी लागते. बरेच जण इथेच फसतात, म्हणून नीट सांगतो.

जवळपास कुठलाही ब्लूटूथ हेडफोन तीन-चार फोन "लक्षात ठेवतो". पण लक्षात ठेवणं वेगळं आणि एकाच वेळी जोडलेलं राहणं वेगळं. साध्या हेडफोनला एक फोन सोडल्याशिवाय दुसरा धरता येत नाही. मल्टिपॉइंटवाला सहसा दोन फोन एकत्र धरून ठेवतो. घेताना डब्यावर हाच शब्द बघा, दुकानदाराच्या "होतं सगळं" वर जाऊ नका. दुकानातच आपले दोन फोन जोडून, एकावर गाणं लावून दुसऱ्यावर फोन करून बघा. गाणं थांबून रिंग कानात आली तर खरं.

जोडायची रीत अशी. पहिल्या फोनला नेहमीसारखा जोडा. मग हेडफोनचं बटण दाबून धरून तो पुन्हा जोडणीच्या अवस्थेत आणा आणि दुसऱ्या फोनला जोडा. या भानगडीत पहिला सुटला असेल तर पहिल्या फोनच्या ब्लूटूथच्या यादीत जाऊन हेडफोनच्या नावावर बोट ठेवा, तोही परत जोडला जातो. काही हेडफोनमध्ये ही सोय आधी त्यांच्या ॲपमधून चालू करावी लागते. एवढंच काम आहे, पाच मिनिटांचं.

दोन गोष्टी मात्र होत नाहीत. दोन्ही फोनचे आवाज एकत्र मिसळून ऐकू येत नाहीत, एका वेळी एकच बोलतो आणि बहुतेक वेळा फोन कॉल बाकी सगळ्याला बाजूला सारतो. दुसरं, अंतर. साधारण दहा मीटर धरून चाला. माणसाच्या अंगातलं पाणीसुद्धा ब्लूटूथच्या लहरी शोषतं, त्यामुळे फोन मागच्या खिशात आणि तुम्ही वाकून कापणी करताय तर मध्येच खरखर येते. एक फोन झोपडीत चार्जिंगला आणि आपण शेताच्या टोकाला, हे जमत नाही.

वायरवाल्यांसाठीही एक सूचना. बाजारात वाय आकाराची स्वस्त वायर मिळते. ती एका फोनमधून दोन हेडफोन काढायला असते. तीच उलटी लावून दोन फोनचा आवाज एका हेडफोनात आणायला जाऊ नका. दोन्ही फोनचे आउटपुट एकमेकांवर भार टाकतात, आवाज पडतो, फाटतो आणि एखाद्या फोनचं सर्किट दुखवायची शक्यता असते. त्यासाठी छोटा मिक्सर लागतो. आणि बटणाच्या साध्या फोनवर रेडिओ ऐकणाऱ्यांनी लक्षात ठेवा, अशा बऱ्याच फोनमध्ये हेडफोनची वायर हीच एफएमची एरियल असते. वायर काढली की आकाशवाणी गेली, मग ब्लूटूथ कितीही भारी असो.

तर असा हेडफोन आला आणि खरं सांगतो, पहिले दोन महिने मी त्याच्या प्रेमात होतो. आयेचा एकही फोन चुकला नाही. सोसायट्यांच्या ऑर्डरी बांधावरून घेतल्या. गवत कापायच्या मशीनच्या आवाजाने डोकं उठायचं, ते थांबलं. कुणी म्हणेल हे शहरी चोचले आहेत, तर मला ते मान्य नाही. ज्याला मजूर मिळत नाही, घरी म्हातारं माणूस आहे आणि माल स्वतः विकायचा आहे, त्याच्यासाठी मोकळे हात म्हणजे अर्धा मजूर.

आता त्या दुपारचं.

पुनवेच्या आसपास आमच्याकडे मोठी भरती दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास आणि तशीच मध्यरात्री येते. उधाणाचे दिवस म्हणून मी आणि मेव्हणा दोघे खारात होतो. तो उघाडीकडच्या अंगाला, मी आतल्या बाजूला भेळ उपटत. घरच्या फोनवर खारजमिनीतल्या भातावर एक ऑनलाइन प्रशिक्षण चालू होतं, ते ऐकत होतो. विषय कामाचा होता. धंद्याच्या फोनवर दिवाळीच्या ऑर्डरीची विचारणा चालू होती. वारा होता, म्हणून बाहेरचा आवाज मारायचं बटण चालू केलेलं.

चिंबोरीच्या बिळातून पाणी झिरपायला लागलं की आधी बारीक आवाज येतो. मग माती ढासळते तसा तो जाड होत जातो. खारातला माणूस हा आवाज झोपेतही ओळखतो. माझे सासरे रात्रीच्या उधाणाला बांधावर घोंगडी टाकून पडायचे, डोळे मिटलेले आणि कान जागे. बिळाच्या वेळी दोन पाट्या चिखल आणि पेंढ्याचा बोळा पुरतो. खांड गेल्यावर चार माणसं आणि पन्नास गोणी लागतात. मधला वेळ पंधरा-वीस मिनिटांचा. सगळा खेळ तेवढ्याचाच.

मेव्हण्याने ते बीळ पाहिलं आणि हाळी दिली. एकट्याने पाय रोवून चिखल थापत राहिला आणि ओरडत राहिला. बाहेरचा आवाज मारणारी यंत्रणा एकसारखा, खर्जातला आवाज सगळ्यात चांगला मारते. मशीन, आणि वाहतं पाणीसुद्धा. माणसाची हाक थोडीफार आली असती, पण ती कानावरच्या गाद्यांनी अडवली आणि उरलेलीवर प्रशिक्षणातला आवाज बसला. त्याने फोनही केला. नेमका त्याच वेळी मी धंद्याच्या फोनवर एका ताईंना तांदळाचा भाव सांगत होतो. एका कॉलवर असताना दुसऱ्या फोनची रिंग माझ्या हेडफोनमध्ये आलीच नाही.

शेवटी तो धावत आला आणि खांद्याला धरून हलवलं.

"दाजी, कवाधरनं बोंबलतंय मी! आयकाला नाय येत का?"

आम्ही पोचलो तोवर बीळ नव्हतं, तीन हाताची खांड होती. शेजारच्या खारातले चौघे त्याची हाळी ऐकून आधीच निघाले होते, ते माझ्यापेक्षा लांब होते. हे मला जास्त लागलं. गोणी, पेंढा, चिखल टाकून ओहोटी लागायच्या सुमारास पाणी तोडलं, म्हणून आठ गुंठ्यांवर निभावलं. नाहीतर शेजाऱ्यांच्या खारातही गेलं असतं. खारात कुणाचा बांध एकट्याचा नसतो.

पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या पनवेल-१, २, ३ या जाती क्षार सहन करतात, हे आपण सगळे जाणतो. पण जमिनीतला क्षार सोसणं वेगळं आणि दाणा भरताना खाडीच्या पाण्यात उभं राहणं वेगळं. पुढच्या पावसाने मीठ धुवून जाईल, तोवर ते आठ गुंठे हिवाळ्यातही रिकामे राहणार.

त्या रात्री घरी मुलीला सांगितलं, तुझा हेडफोन परत घे. ती म्हणाली, "बाबा, हेडफोनला दोन फोन जोडले होते. शेत जोडायचं राहिलं, ते तुम्ही तोडलंत." आधी राग आला. मग दोन दिवस विचार केला, आणि माझं मत झालंय ते असं.

एका हेडफोनला दोन फोन जोडणं चूक नाही. चूक ही, की दोन्ही कान फोनना देऊन टाकले. शेतातल्या कानाला कामं असतात. बांधाचं पाणी, मळणीयंत्राचा बदललेला सूर, पाठीमागून येणारा ट्रॅक्टर, गोठ्यात अडकलेलं वासरू, गवतातली सळसळ. परतीच्या पावसात तर गडगडाट ऐकू येणं म्हणजेच वीज आपल्यापर्यंत पोचू शकते याची सूचना. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप फोनमध्ये जरूर ठेवा, पण ढगाचा आवाज कानाने ऐकायची सवय सोडू नका.

कुणी म्हणेल, आपले बाप-आजे बांधावर ट्रान्झिस्टर लावायचेच ना? लावायचे. पण तो कानाबाहेर असायचा. बातम्या सगळ्या खाराला ऐकू यायच्या आणि बाबांना खार ऐकू यायचा. मोठा आवाज आला की बातम्या चालू ठेवून माणूस उठून जायचा. आता आवाज कानाच्या आतच चालू आहे आणि बाहेरचं दार बंद आहे. फरक हा आहे.

म्हणून मी हेडफोन ठेवला, पण वापर बदलला.

एक, शेतात एकाच कानाचा. मुलीने जुना एका कानाचा ब्लूटूथ शोधून दिला, त्यातही दोन फोन जोडता येतात आणि तो स्वस्त असतो. कान उघडे ठेवून कानाच्या पुढच्या हाडातून आवाज देणारे हेडफोनही मिळतात. बजेट असेल तर ते बघा. बाहेरचा आवाज आत घेण्याची सोय असलेल्या हेडफोनमध्ये ती चालू ठेवता येते, पण बॅटरी संपली किंवा बटण चुकलं तर गाद्या कानावर आहेतच. माझा भरवसा एका उघड्या कानावर.

दोन, दुसऱ्या फोनची फक्त रिंग कानात यावी. मेसेजचे टिंगटिंग, ग्रुपचे सुप्रभात, सगळं बंद केलं. नाहीतर दोन फोन जोडले की दुप्पट व्यत्यय जोडला जातो.

तीन, उधाणाच्या दिवशी भरतीच्या आधी एक तास ते पाणी उतरेपर्यंत कानात काहीही नाही. सोसायट्यांना सांगून टाकलं, पुनव-अमावस्येला दुपारी फोन लागणार नाही. एकही गिऱ्हाईक तुटलं नाही. आयेसाठी शेजारच्या वहिनींना सांगून ठेवलंय.

चार, झाकणारा हेडफोन मशीन चालवताना कान वाचवायला, गाणी ऐकायला नाही. मशीनच्या आवाजावर मात करायला आपण गाण्याचा आवाज वाढवतो, तिथे कान जातो. ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास ही मर्यादा धरतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. गवत कापायची मशीन सहज यापुढे जाते.

आता कृषी सहायक, विद्यापीठातले सर आणि मॅडम, तुमच्यापैकी बरेच जण हे पान वाचता, म्हणून तुम्हालाही एक विनंती.

तुमचं प्रशिक्षण आम्ही टेबलावर बसून बघतो असं धरून चालू नका. आम्ही ते चिखलात उभे राहून, एका कानाने, मध्ये चार फोन घेत ऐकतो. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ असेल तर कॉल आला की तो बऱ्याचदा थांबून राहतो. थेट चालू असलेलं प्रशिक्षण कुणासाठी थांबत नाही. मी कॉल संपवून परत येतो तेव्हा तुम्ही पुढच्या मुद्द्यावर गेलेले असता, आणि मधलं काय गेलं हे मला माहीतही नसतं. एकदा मला "पंधरा लिटरच्या पंपाला" एवढं ऐकू आलं, मग गिऱ्हाइकाचा फोन, मग "मिली". मधला आकडा गेला. मी त्या दिवशी फवारणी केली नाही, ग्रुपवर विचारून दुसऱ्या दिवशी केली. पण सगळेच थांबतील असं नाही. पंधरा आणि पन्नास यांत कानाला फार अंतर नसतं, पिकाला असतं.

म्हणून मात्रा तोंडी सांगाच, पण लिहूनही पाठवा. दीड तासाऐवजी तीन मिनिटांचा आवाजी निरोप द्या, एका निरोपात एकच काम. आणि खारपट्ट्यातल्या शेतकऱ्यांसाठी प्रशिक्षण ठेवताना पंचांग बघा. पुनवेला दुपारी बारा वाजता आमचं लक्ष तुमच्याकडे असू नये, असंच तुम्हालाही वाटेल.

मेव्हण्याशी माझं बोलणं झालंय. त्याने राग धरला नाही. पण एक गोष्ट केली, बांधाच्या दोन्ही टोकांना पत्र्याचा डबा आणि काठी बांधून ठेवली. फोन लागो न लागो, डबा वाजला की धावायचं. यात ब्लूटूथ नाही, चार्जिंग नाही. येत्या अमावस्येचं उधाण आहे, त्या दिवशी दुपारी मी उघाडीजवळच असेन, दोन्ही फोन झोपडीत ठेवून.

तुमच्याकडे शेतात काम करताना कानात काय असतं, आणि त्यामुळे कधी काय चुकलं किंवा वाचलं, ते लिहा. खांडीच्या दुरुस्तीचे फोटो पुढच्या आठवड्यात टाकतो.